हात धुण्याची जागा आणि जंतूंचे घर

आपल्या भागात कोणाच्याही घरी पाहुणा जेवावयास आला की प्रथम त्याच्या हातावर पाणी घालण्याची रीत आहे. देवळात जाणारा हातपाय धुऊन पायरी चढतो, मशिदीत जाणारा वजू केल्यावाचून नमाजास उभा राहत नाही. शुद्धीची ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की जेथे पाणी, नळ आणि साबण आहे ती जागा स्वच्छच असणार, असे आपण विचार न करता धरून चालतो. घरापुरते ते बहुधा खरेही असते. इस्पितळात मात्र तसे धरून चालणे धोक्याचे आहे.

ज्या बेसिनवर डॉक्टर आणि परिचारिका हात धुतात, त्याच बेसिनच्या तोटीत, सांडपाण्याच्या नळीत आणि साबणाच्या बाटलीत रोग्यांना घातक असे जंतू वस्ती करून राहू शकतात, हे अनेक देशांतील इस्पितळांत सिद्ध झाले आहे. दवाखान्यास पाण्याची टाकी, बेसिन, नळ देणे हे धर्मादाय संस्थांच्या आवडीचे काम. तेव्हा ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेत या विषयाचा विचार व्हावा, हे योग्यच होय.

येथे आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा लेख वाचून कोणी हात धुणे सोडून देईल तर लेखाचा हेतूच उलटा होईल. हात धुण्यासारखा स्वस्त आणि गुणकारी उपाय वैद्यकाजवळ दुसरा क्वचितच असेल. प्रश्न हात धुवावेत की नाही हा नसून, जेथे ते धुवावयाचे ती जागा कशी ठेवावी, हा आहे.

व्हिएन्नाचा धडा

इस्पितळात हात धुण्याचे महत्त्व प्रथम आकड्यांनिशी दाखविले ते इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टराने. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११.४ बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात शेकडा २.८. एकाच इस्पितळाच्या दोन दालनांत एवढी तफावत का, हा प्रश्न सेमेलवाइसला स्वस्थ बसू देईना. शेवटी त्याच्या ध्यानात आले की डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येतात, सुइणी शवाला हात लावीत नाहीत. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यू शेकडा १.२७ पर्यंत खाली आले.

त्या काळी जंतूंचे ज्ञान नव्हते, म्हणून त्याचे म्हणणे पुष्कळांना पटले नाही. १८६५ साली तो उपेक्षितच वारला. आज मात्र जगातील प्रत्येक वैद्यकीय विद्यालयात त्याचे नाव आदराने घेतले जाते.

सेमेलवाइसने हाताकडे बोट दाखविले. हात धुण्याच्या जागेकडे बोट दाखविण्यास त्यानंतर बराच काळ जावा लागला.

ओल्या जागेचे रहिवासी

जंतूंचे असंख्य प्रकार आहेत. काही कोरड्या जागी फार काळ तग धरीत नाहीत, तर काहींना ओल प्रिय असते आणि थोड्याशा पाण्यावर ते महिनोन्महिने जगतात. या दुसऱ्या प्रकारात ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ या जंतूचे नाव प्रथम घ्यावे लागेल. जखमेच्या पट्टीला निळसर-हिरवा रंग चढतो तो याच जंतूमुळे. १८८२ साली गेसार नावाच्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने त्याचा शोध लावला. क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर, सेराशिया हे त्याचे भाऊबंद. न्हाणीघरातील फरशीच्या सांध्यांवर जो गुलाबी बुळबुळीत थर दिसतो, तो पुष्कळदा सेराशियासारख्या रंगीत जंतूंचाच असतो.

निरोगी माणसाला हे जंतू सहसा काही करीत नाहीत. आपल्या त्वचेची भिंत आणि रक्तातील पहारेकरी त्यांना आत येऊ देत नाहीत. पण कमी दिवसांचे बाळ, भाजलेला रोगी, ताजी शस्त्रक्रिया झालेला मनुष्य किंवा ज्याला सलाईनची अथवा लघवीची नळी लावली आहे असा रोगी, यांच्या ठायी ती भिंत कच्ची असते किंवा तिला भोक पडलेले असते. तेथे हाच जंतू प्राणघातक ठरतो. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईतील जोगेश्वरीच्या महापालिका रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पाच रोग्यांच्या एकेका डोळ्याची दृष्टी गेली, ती स्यूडोमोनासच्या संसर्गाने. तो संसर्ग बेसिनवरून आला, असे येथे सुचवावयाचे नाही. जंतूचे सामर्थ्य केवढे, हे कळावे एवढाच हेतू. दिल्लीच्या तीन इस्पितळांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बालकांची मोठी पाहणी झाली. त्यांच्या रक्तातील जंतुदोषास कारण झालेल्या जंतूंत असिनेटोबॅक्टर शेकडा २२ आणि क्लेब्सिएला शेकडा १७ आढळले, आणि त्यांतील पुष्कळ जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते.

हे जंतू नळात आणि नळीत टिकतात तरी कसे? आपल्या संत्रा बागाइतदारांना हे समजावयास अवघड नाही. ठिबकच्या नळ्यांत काही दिवसांनी आतून एक बुळबुळीत थर धरतो आणि थेंब पडणे बंद होते. नुसते पाणी सोडून तो थर निघत नाही, आम्ल किंवा क्लोरीन सोडावे लागते, आणि तरीही तो पुन्हा धरतो. बेसिनच्या नळीतही असाच थर धरतो. जंतू स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात आणि त्या आवरणाखाली वसाहत करून राहतात. वरून ओतलेले औषध वरच्यांना मारते, खालचे सुरक्षित राहतात आणि थोड्याच दिवसांत वसाहत पूर्ववत होते. म्हणून ‘बेसिनमध्ये फिनेल ओतले की काम झाले’ हा समज खरा नव्हे.

पाच ठिकाणे

हात धुण्याच्या जागी जंतू कोठे कोठे घर करतात, ते क्रमाने पाहू.

पहिले ठिकाण तोटीचे तोंड. तोटीच्या टोकाला बारीक जाळी किंवा धार सरळ करणारी चकती असते. तीत क्षार साचतात, ओल राहते आणि थर धरतो. डिसेंबर २०११ आणि जानेवारी २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमधील नवजात बालकांच्या विभागांत चार बाळे स्यूडोमोनासच्या संसर्गाने दगावली, त्यांपैकी तीन बेलफास्ट शहरात. शोध घेता जंतू बेसिनच्या तोट्यांत सापडले. तोट्या साध्या नव्हत्या, आधुनिक होत्या. पुढे तपासणीसाठी त्या उघडल्या तेव्हा सर्वांत अधिक जंतू धार सरळ करणाऱ्या भागातच आढळले. महागडी तोटी म्हणजे स्वच्छ तोटी नव्हे, हा या दुःखद प्रसंगाचा बोध. उघडून घासता येईल अशी साधी तोटी, आणि शक्य तर कोपराने बंद-चालू करता येईल असा लांब दांड्याचा नळ, हाच दवाखान्यास उत्तम.

दुसरे ठिकाण बेसिनखालची वाकडी नळी. गटाराचा वास वर येऊ नये म्हणून प्लंबर जो ट्रॅप बसवितात, त्यात पाणी सदैव साचलेले असते आणि तेथे जंतू खुशाल वाढतात. ते खाली आहेत, वर कसे येतील, असे कोणी विचारील. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली हेच पाहिले. ट्रॅपमधील जंतूंचा थर नळीच्या भिंतीवरून दिवसाला सुमारे अडीच सेंटीमीटर या गतीने वर चढत गेला. जाळीपर्यंत पोहोचल्यावर नळाची धार त्यावर पडली की शिंतोड्यांबरोबर जंतू बेसिनमध्ये आणि बेसिनच्या बाहेरही उडाले. त्यापूर्वी, २००४ च्या डिसेंबरपासून २००६ च्या मार्चपर्यंत, कॅनडातील टोरांटो शहराच्या एका इस्पितळात ३६ रोग्यांत औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनास पसरला. तेथे बेसिनच्या नळीत चमकणारा रंग घालून पाहिले तेव्हा शिंतोडे एक मीटरपर्यंत उडताना दिसले. धार थेट जाळीवर पडत होती आणि औषधांची तयारी जवळच होत होती. नळीत जंतुनाशक ओतून उपयोग झाला नाही. शेवटी बेसिनची रचना बदलली, धारेचा जोर कमी केला, मध्ये आडोसा उभा केला, तेव्हा साथ थांबली.

तिसरे ठिकाण साबण. साबणात जंतू कसे राहतील, असे वाटणे साहजिक आहे. पण पातळ साबणाची बाटली अर्धी झाली की वरून तीत नवा साबण आणि थोडे पाणी घालण्याची पद्धत सर्वत्र आहे. तळाशी उरलेल्या जुन्या साबणात जंतू शिरले की ते कधीच निघत नाहीत, आणि पाणी घातल्याने साबणातील रक्षक द्रव्ये पातळ होतात. अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत अशा दूषित साबणाने हात धुतल्यावर मुलांच्या हातांवरील जंतू कमी न होता उलट वाढलेले आढळले. वडीचा साबण ठेवावयाचा तर तो पाण्यात बुडालेल्या डबीत न ठेवता, पाणी निथळेल अशा जाळीच्या डबीत ठेवावा.

चौथे ठिकाण टॉवेल. खुंटीवर टांगलेला एकच ओला टॉवेल दिवसभर दहा माणसे वापरतात. ओल्या हातावरून जंतू कोरड्या हातापेक्षा कितीतरी सहज दुसरीकडे जातात, म्हणून हात कोरडा करणे हा धुण्याचाच अर्धा भाग आहे. कागदी रुमाल परवडत नसतील तर धुऊन उन्हात वाळविलेली लहान फडकी ठेवावी, प्रत्येकाने एक वापरावे आणि वापरलेले वेगळ्या टोपलीत टाकावे.

पाचवे ठिकाण गच्चीवरील टाकी. वरची चारही ठिकाणे स्वच्छ ठेवली आणि टाकीचे झाकण उघडे असले तर सर्व श्रम व्यर्थ. नळाच्या टोकाशी पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावे, असे भारतीय मानक सांगते. साधारणतः १,००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. ती थोड्या पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतावे आणि तासभर थांबून मग पाणी वापरावे. उघड्या पोत्यात राहिलेली पावडर आपला जोर गमावते, हेही ध्यानात ठेवावे.

आपला वाटा

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की हा डॉक्टरांचा आणि इस्पितळाच्या व्यवस्थापकांचा प्रश्न आहे, आपण काय करणार? हा समज चुकीचा आहे. बेसिनच्या नळीतील जंतूंना खाद्य पुरविण्याचे काम पुष्कळदा आपण रोग्याचे नातलगच करतो.

१९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. तरी मोठ्या दुखण्यात आपली वाट नागपूरचीच राहिली. गावच्या सरकारी दवाखान्यापासून नागपूरच्या मेडिकल आणि मेयोपर्यंत रोग्याबरोबर घरची दोन-चार माणसे असतात. डबा खाऊन झाला की तो जवळच्या बेसिनमध्ये विसळला जातो. उरलेला चहा, वरण, फळांचा रस, सलाईनचे उरलेले पाणी, सारे त्याच जाळीतून खाली जाते. कोणी चूळ भरतो, कोणी खर्रा थुंकतो, कोणी रोग्याचे लघवीचे भांडेही तेथेच धुतो. व्हर्जिनियाच्या त्या प्रयोगात नळीत पोषक द्रव्ये घातली तेव्हाच थर वर चढला होता. म्हणजे आपण ओतलेला अर्धा कप गोड चहा हे त्या जंतूंना वाढलेले जेवणच होय. आपल्या रोग्याला त्याची बाधा झाली नाही तरी शेजारच्या खाटेवरील बाळंतिणीला किंवा तिच्या बाळाला होऊ शकते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एवढे नियम पाळावेत. हात धुण्याच्या बेसिनमध्ये हातावाचून दुसरे काहीही धुऊ नये. डबा, भांडी आणि रोग्याची घाण यांच्यासाठी इस्पितळात जी वेगळी मोरी असेल तीच वापरावी. बेसिनच्या कडेवर औषधाची बाटली, बाळाची वाटी-चमचा किंवा इंजेक्शनचे सामान ठेवू नये. रोग्याची खाट बेसिनला खेटून असेल तर ती दूर सरकविण्याची विनंती परिचारिकेस नम्रपणे करावी. नळाची धार सावकाश सोडावी, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. साबण लावून हातांची बोटे, बोटांमधील बेचक्या, नखे आणि अंगठे चोळावेत. या सर्व क्रियेस ४० ते ६० सेकंद लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे.

हातावर दिसेल अशी घाण नसेल तर मद्यार्कयुक्त द्रवाने २० ते ३० सेकंद हात चोळल्यास काम भागते. त्याला नळ लागत नाही, नळी लागत नाही, म्हणून खाटेजवळ त्याची बाटली असणे फार सोयीचे. जिनिव्हाच्या इस्पितळात १९९० नंतरच्या दशकात डॉ. दिदिए पित्ते यांनी असा द्रव खाटेखाटेपाशी ठेवून हात-स्वच्छतेची मोहीम चालविली, तेव्हा इस्पितळात लागणाऱ्या संसर्गाचे प्रमाण शेकडा १६.९ वरून ९.९ वर आले. तथापि हात मळलेले असतील किंवा रोग्यास जुलाब होत असतील तर साबण आणि पाणीच हवे. काही जंतूंवर मद्यार्काचा परिणाम होत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या काठी गोटमार होते, तेव्हा एका दिवसात शेकडो जखमा धुवाव्या आणि बांधाव्या लागतात. त्या दिवशी मदतीस उभे राहणाऱ्या स्वयंसेवकांस ही माहिती विशेष उपयोगी पडेल. एकाच घमेल्यातील औषधी पाण्यात सर्वांनी हात बुडविणे हा जंतू वाटण्याचाच प्रकार आहे. त्यापेक्षा आपली जुनी रीत बरी. वजू करणारा लोट्याची धार हातावर घेतो, जेवावयास बसणाऱ्याच्या हातावर यजमान तांब्याने पाणी घालतो. एकदा वापरलेले पाणी पुन्हा हाताला लागत नाही. वाहती धार घ्यावी आणि साचलेले पाणी टाळावे, हे तत्त्व आपल्या पूर्वजांनी जंतूंचे नाव ऐकण्यापूर्वीच व्यवहारात आणले होते.

दानाचे दुसरे अंग

शेवटी धर्मादाय संस्थांविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. आपल्याकडे दान देताना वस्तू देण्याची हौस फार. टाकी बसते, बेसिन बसते, वर संगमरवरी पाटी लागते, फोटो निघतो. पण पुढल्या वर्षी त्या नळाची जाळी कोणी उघडली का, टाकी कोणी घासली का, साबण कोण भरतो, हे विचारणारे कोणी नसते. न सांभाळलेला पाणवठा हा पुण्याचा न राहता उपद्रवाचा होतो, हे खेड्यातील विहिरीच्या बाबतीत आपण सारे जाणतो. इस्पितळाच्या बेसिनलाही तोच न्याय लागू आहे.

भारत सरकारने २०१५ साली सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ ही योजना सुरू केली आणि २०२० साली संसर्ग-प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नियम आहेत, त्यांच्या पाठीशी माणसे उभी राहावयास हवीत. जी संस्था दवाखान्यास एक बेसिन देईल, तिने त्याबरोबर पुढील पाच वर्षांच्या निगेचा खर्चही बाजूस काढावा. महिन्यातून एकदा तोटीची जाळी उघडून क्षार काढणे, ठरलेल्या मुदतीत टाकी उपसून घासणे, साबणाची बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवूनच पुन्हा भरणे, गळकी नळी त्याच आठवड्यात दुरुस्त करणे, आणि ह्या प्रत्येक कामाची तारीख व सही भिंतीवरील तक्त्यावर लिहिणे. यास मोठी रक्कम लागत नाही. लागते ती सातत्याची. ट्रस्टचे तरुण सभासद पाळीपाळीने हे काम पाहतील तर इस्पितळाच्या सेवकांसही बळ येईल आणि त्यांच्यावर उगाच दोष ठेवण्याचा प्रसंग टळेल.

बाळंतीण विभागात येणारी बाई कोणत्या जातीची, कोणत्या गावची, हे जंतू विचारीत नाही. तिच्या बाळाला हात लावणारा प्रत्येक हात त्या बेसिनवरूनच येतो. तो हात शुद्ध होऊन यावा एवढी काळजी आपण घेतली, तर भिंतीवर पाटी असो वा नसो, त्या दानाचे फळ एखाद्या घरी पाळण्यात हसत असेल.